अंगठा वर

परवा मावसबहिणीच्या मुलीच्या साखरपुड्याला लांबच्या नात्यातल्या एक मामी भेटल्या. पाच-सहा वर्षांनी भेटत होतो. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "तूच ना गं ती समुद्रात बुड्या मारणारी? शार्क दिसला का?"

(हा प्रश्न आजवर इतक्या वेळा ऐकलाय की उत्तर तोंडपाठ आहे. "दिसला, पण त्याने ओळख दाखवली नाही.")

मामी खूप हसल्या. मग म्हणाल्या, "तुझं बाई काळीजच वेगळं. डोक्यावरून तांब्या ओतून घेतानासुद्धा माझा जीव घाबरा होतो. तुम्ही माणसंच वेगळ्या मातीची."

शेजारी दादा उभा होता, हातात मसालेभाताची ताटली. तो काही बोलला नाही, नुसता हसला. त्याचं ते हसणं घरी आल्यावरही डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहायला बसले.

तर प्रश्न असा, की स्कूबा डायव्हिंग करणारी माणसं खरंच वेगळ्या मातीची असतात का? माझं यावरचं मत गेल्या काही वर्षांत दोनदा बदललंय. तिन्ही मतं इथे मांडते, म्हणजे आधीच्या दोन मतांसाठी कुणी मला धरायला नको.

पहिलं मत सगळ्यांचं असतं तेच. पाण्याखाली जाणारा माणूस धाडसी, न जाणारा भित्रा. आमच्या घरात या वाटण्या लहानपणीच झाल्या होत्या. दादा म्हणजे वाघ. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलेला, बुलेटवरून लेहला जाऊन आलेला, गल्लीतल्या साप निघालेल्या घरी पहिला पोचणारा. मी म्हणजे भित्री भागूबाई. घराबाहेर पडताना गॅसचं बटण तीनदा बघायचं, कुलूप दोनदा ओढायचं, आणि जिन्यातून परत येऊन गॅस पुन्हा एकदा बघायचा. पोहायला येत नव्हतं ते वेगळंच.

डिसेंबर २०१२ मध्ये आम्ही दोन्ही कुटुंबं तारकर्लीला गेलो. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होडीतून नेऊन स्कूबा करवतात हे तोवर सगळ्यांना माहीत झालं होतं. पोहता आलं नाही तरी चालतं, कारण गाइड तुम्हाला धरूनच खाली नेतो आणि खोलीही जेमतेम काही मीटर असते. अर्थातच दादा पहिला. होडीच्या शिडीला धरून पाण्यात चार-पाच मिनिटांचं शिक्षण झालं. नाक मास्कमध्ये बंद, श्वास फक्त तोंडाने. खाली बोलता येत नाही म्हणून खुणा. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला की 'ठीक आहे'. अंगठा वर केला की 'मला वर न्या'.

दादा खाली गेला आणि दोन मिनिटांत वर आला. "मास्कमध्ये पाणी गेलं," म्हणाला. मग टॉवेल गुंडाळून होडीच्या टोकाला किल्ल्याकडे तोंड करून बसून राहिला.

मग माझा नंबर. आता वाघच परत आला म्हटल्यावर शेळीने मुकाट घरी जायचं. पण झालं असं, की मला भीतीची सवय होती. छातीत धडधडणं, हात गार पडणं, हे सगळं माझ्या रोजच्या ओळखीचं. गाइडदादा म्हणाला, "नाकान नाय ताई, तोंडान." मी तोंडाने श्वास घेतला. आला. सोडला. बुडबुडे कानाशेजारून वर गेले. पुन्हा घेतला, पुन्हा आला. एवढंच करायचं असेल तर हे मला जमण्यासारखं आहे, असं वाटलं. आणि पंधरा-वीस मिनिटं मी काळ्या पट्ट्यांच्या पिवळसर माशांमध्ये घरच्यासारखी राहून आले!

त्या काळी तिथे फोटोंची सीडी देत. घरी आल्यावर सगळ्यांना बसवून ती दाखवली. दादाचा एकच बरा फोटो होता, हिरवट पाण्यात त्याने अंगठा वर केलेला. आमचे तात्या कौतुकाने म्हणाले, "बघा, कसा झकास म्हणून अंगठा दाखवतोय!" आणि मी, भित्री भागूबाई, चाळीस वर्षांचा हिशेब चुकता करण्याच्या खुशीत म्हणाले, "तात्या, तो झकासचा अंगठा नाहीये. त्याचा अर्थ आहे, मला वर न्या, मला वर न्या!"

खोलीभर हशा पिकला. दादाही हसला. तो फोटो आणि तो विनोद पुढे प्रत्येक दिवाळीला निघत राहिला. काढणारी मीच.

असो. त्या वीस मिनिटांनी मला वेड लावलं. एक्केचाळिसाव्या वर्षी महापालिकेच्या तलावावर पोरांच्या बॅचमध्ये पोहायला शिकले. मग २०१५ मध्ये अंदमानात हॅवलॉक बेटावर (२०१८ पासून त्याचं नाव स्वराज द्वीप आहे) जाऊन रीतसर कोर्स केला. तिथे माझं दुसरं मत तयार झालं.

कोर्सला जाताना वाटत होतं, तिथे छातीठोक शिकवण असेल. भीती सोडा, झोकून द्या वगैरे. प्रत्यक्षात ते माझ्या गॅसच्या बटणाचंच शास्त्र निघालं! पाण्यात उतरण्यापूर्वी जोडीदाराची टाकी, पट्टे, वजनं, जॅकेट, हवेचा काटा, सगळं तपासायचं. त्याने तुमचं तपासायचं. पहिल्या डाइव्हला आणि पाचशेव्या डाइव्हलाही. टाकीत साधारण २०० बार दाबाची हवा असते (ऑक्सिजन नव्हे हो, आपलीच साधी हवा, दाबून भरलेली) आणि ५० बार उरले की वर असायचं. खाली कितीही सुंदर कासव आलेलं असो. वर येताना आपल्या बुडबुड्यांपेक्षा सावकाश यायचं आणि ५ मीटरवर ३ मिनिटं नुसतं थांबायचं, रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू निघून जावा म्हणून.

आणि सगळ्यात पहिला नियम, श्वास कधीही रोखायचा नाही. याचं कारण कळलं तेव्हा मी हबकलेच. १० मीटर खाली दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. तिथे छाती भरून घेतलेली हवा श्वास रोखून वर आणली, तर ती फुगत जाऊन पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते. फुप्फुस तेवढं ताणत नाही, फाटतं. म्हणजे घाबरल्यावर माणूस आपसूक ज्या दोन गोष्टी करतो, श्वास रोखणं आणि वर धाव घेणं, त्याच दोन इथे सगळ्यात घातक. १९४३ मध्ये कूस्तो आणि गान्यां या दोघा फ्रेंच माणसांनी मागेल तेव्हा मागेल तेवढी हवा देणारं यंत्र बनवलं आणि स्कूबा सगळ्यांच्या आवाक्यात आलं. पण घाबरलेल्या माणसाला शांत करणारं यंत्र त्यांनाही बनवता आलं नाही. ते काम ज्याचं त्यालाच करावं लागतं.

नंतर होड्यांवर जी डायव्हर मंडळी भेटली तीही काही धाडसी वगैरे वाटेनात. एक दातांचे डॉक्टर, एक बँकेतले मॅनेजर, एक निवृत्त शिक्षिका, आयटीतली पोरं तर पोत्याने. त्यांच्यातही नमुने आहेतच. पहिला आकडेवाला. तुमचं नाव विचारण्याआधी "किती डाइव्ह झाल्या?" विचारतो आणि तुमचा आकडा त्याच्यापेक्षा कमी निघाला की प्रेमाने बोलायला लागतो. दुसरा सामानवाला. याच्या अंगावर एवढी उपकरणं लटकलेली असतात की समुद्राला तो दिवाळीतला आकाशकंदील वाटत असावा. तिसरा फोटोवाला. हा एका सेंटिमीटरभर गोगलगाईसमोर अर्धा तास पालथा पडून राहतो आणि त्याचा जोडीदार घड्याळ बघत शेजारी तरंगत असतो. आणि चौथा, मला सगळ्यात आवडणारा, गप्प माणूस. खाली जातो, वर येतो, चहा मागतो. काय पाहिलं विचारलं तर म्हणतो, "पाणी छान होतं."

या सगळ्यांत साम्य काय, तर सावधपणा. उतरण्याआधी प्रत्येकाचे हात न सांगता पट्ट्यांवरून, नळ्यांवरून फिरतात. मग मी जाहीर केलं, की घाबरट माणसंच चांगले डायव्हर होतात. धाडसी माणसाला वाटतं आपल्याला काही होणार नाही. घाबरटाला पक्कं ठाऊक असतं की होणार आहे, म्हणून तो तयारीत असतो. जे डायव्हर नाहीत त्यांना स्वतःच्या भीतीची ओळखच नसते, ती पहिल्यांदा पाण्याखाली भेटते आणि ते वर पळतात. हा सिद्धान्त मी बऱ्याच दिवाळ्या ऐकवला. तो ऐकवताना माझी नजर कोणाकडे असायची ते सांगायला नको.

त्यातच २०१८ चं थायलंडचं थाम लुआंग प्रकरण झालं. २३ जूनला फुटबॉलच्या संघातली १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक गुहेत शिरले आणि पुराच्या पाण्याने अडकले. दहाव्या दिवशी, २ जुलैला, त्यांच्यापर्यंत पहिल्यांदा पोचले ते रिक स्टॅन्टन आणि जॉन व्होलॅन्थन हे दोन ब्रिटिश. एक निवृत्त अग्निशामक, दुसरा संगणक सल्लागार. सुट्टीच्या दिवशी गुहांमधल्या पाण्यात उतरायचा छंद असलेली मध्यमवयीन माणसं! (आपल्या पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सचे लोकही पाणी उपसण्याच्या कामात मदतीला गेले होते, तेव्हा घरोघरी टीव्ही चालू होते.) मी दादाला फोन करून म्हटलं, बघ, बघ, मी म्हणत नव्हते?

आता मागे वळून बघताना लाज वाटते ती याची, की त्या गोष्टीतलं जे महत्त्वाचं तेच मी सोडून दिलं होतं. गुहेत हवेच्या टाक्या पोचवून परतताना समन कुनान वारले. थाई नौदलाच्या सील पथकातले माजी जवान, शिकलेले, कसलेले. पाण्याने त्यांचा स्वभाव विचारला नाही. आणि मुलांना बाहेर काढताना रिचर्ड हॅरिस या ऑस्ट्रेलियन भूलतज्ज्ञाने त्यांना औषध देऊन झोपवलं, कारण जागं असलेलं मूल त्या अंधाऱ्या पाण्यात घाबरलं असतं तर ते स्वतःही गेलं असतं आणि नेणाराही. म्हणजे तिथे कोणीही 'मुलं शूर आहेत, निभावून नेतील' असं धरून चाललं नाही. घाबरणारच, हे गृहीत धरून आखणी झाली. तेराही जण जिवंत बाहेर आले.

स्वभावांच्या या भानगडीवर शास्त्रज्ञांनी काय म्हटलंय तेही मी तेव्हा हौसेने वाचायचे. मार्विन झुकरमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात थराराची ओढ मोजायची प्रश्नावली तयार केली. पुढे तिचे चार भाग झाले: धाडसाची हौस, नव्या अनुभवांची हौस, बंधनं झुगारण्याची वृत्ती आणि चटकन कंटाळण्याची सवय. डायव्हर लोकांना अशा प्रश्नावल्या दिल्या तर धाडसाच्या हौसेत ते वर दिसतात. दिसणारच की! 'तुम्हाला पाण्याखाली जायला आवडेल का' अशा धर्तीचे प्रश्न विचारल्यावर पाण्याखाली जाणारे लोक 'हो' म्हणणार नाहीत तर काय.

विस्कॉन्सिन विद्यापीठातले विल्यम मॉर्गन यांचं काम मात्र मला टोचलं. त्यांनी अनुभवी डायव्हरना विचारलं, तर निम्म्याहून जास्त जणांनी कबूल केलं की पाण्याखाली निदान एकदा तरी आपण गर्भगळीत झालो होतो किंवा होता होता राहिलो. म्हणजे डायव्हर घाबरत नाहीत हे साफ खोटं. आणि दुसरं म्हणजे, शिकाऊ लोकांमध्ये ज्यांचा स्वभावच मुळात काळजीखोर, ते घाबरून गडबडण्याची शक्यता जास्त निघाली. घाबरटच चांगले डायव्हर होतात या माझ्या सिद्धान्ताच्या हे थेट विरुद्ध. मी ते वाचलं आणि सोयीस्करपणे विसरले. आपल्या बाजूचं नसलेलं शास्त्र विसरायला माणसाला वेळ लागत नाही.

मग जानेवारी २०१९ आला.

कर्नाटकात मुरुडेश्वरजवळ नेत्राणी बेट आहे. तिथे जायचं महिनाभर आधी ठरलं होतं, पैसे भरले होते, रजा टाकली होती. निघायच्या दोन दिवस आधी मला सर्दी झाली. सर्दीत डाइव्ह करायची नाही, हे कोर्सच्या पहिल्या दिवशी शिकवतात. खाली जाताना बाहेरचा दाब वाढतो, आपण नाक दाबून हलकी फुंकर मारून कानात आतून हवा पोचवतो आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा करतो. नाक चोंदलेलं असलं की ती वाट बंद. मी नाक मोकळं करायची गोळी घेतली आणि गेले. होडीवर गाइडने सगळ्यांना विचारलं, "कोणाला सर्दी, कान, ताप?" मी समुद्राकडे बघत राहिले.

माझी जोडीदार म्हणून एक तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी दिली होती. नुकताच कोर्स संपलेला, पहिलीच खरी डाइव्ह. मी तिला होडीवर ज्ञान पाजत होते, ती 'काकू, काकू' करत ऐकत होती.

तीन मीटरवर कान दुखायला लागला. तिथे थांबायला हवं होतं. गाइडने माझ्याकडे बघून बोटांचा गोल केला, ठीक आहे का? मी गोल करून दाखवला. चार मीटर. सुई घातल्यासारखं. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा गोल दाखवला. ती मुलगी माझ्याकडे बघत होती ना. सहा मीटरच्या आसपास कानात फट् झालं, दुखणं एकदम थांबलं, गार पाणी आत गेल्यासारखं वाटलं आणि पुढच्या क्षणी सगळा समुद्र माझ्याभोवती गरगरा फिरायला लागला. वर कुठे खाली कुठे कळेना. मी हाताला लागेल ते धरलं. हाताला त्या मुलीची हवेची नळी लागली.

नळी तिच्या तोंडातून निघाली. तिने ती परत घातली, शिकवल्याप्रमाणे, पहिल्याच डाइव्हला. गाइडने माझे हात सोडवले, मला दंडाला धरलं आणि आम्हा तिघांना सावकाश वर आणलं. होडीवर मी ओकत होते आणि ती एका कोपऱ्यात बसून रडत होती. माझ्यामुळे काय होऊ शकलं असतं हे तिला आणि मला दोघींना समजत होतं. तिने मला काही म्हटलं नाही. मी तिची माफी मागितली, पण 'अचानक चक्कर आली' असं सांगून. सर्दीचं तेव्हाही सांगितलं नाही. ते आज इथे सांगतेय.

कानाच्या डॉक्टरांनी पडद्याला भोक पडल्याचं सांगितलं. ते दीड-दोन महिन्यांत आपोआप भरलं. पण त्या काळात एका कानाने सगळं घड्यात बसून ऐकल्यासारखं ऐकू यायचं. करायला काही नव्हतं, तेव्हा मी विचार करत बसायचे. मी तर घाबरट होते ना? गॅस तीनदा बघणारी? मग माझा सावधपणा त्या दिवशी कुठे गेला होता?

हळूहळू लक्षात आलं, तो गेला नव्हता. भीती होतीच, फक्त तिची जागा बदलली होती. २०१२ मध्ये मला पाण्याची भीती होती. २०१९ मध्ये भीती होती ती 'डायव्हर काकू' म्हणून मिळालेली खुर्ची जाण्याची. ती पाण्याच्या भीतीपेक्षा मोठी निघाली. डायव्हिंगच्या अपघातांच्या अहवालांत एक गोष्ट वारंवार आढळते, माणूस सापडतो तेव्हा त्याच्या कमरेची वजनं तशीच असतात. एक खटका ओढला तर ती सुटून पडतात. घाबरलेल्याला तो आठवत नाही हे त्याचं मोठं कारण. पण आता वाटतं, काही जणांना शेवटपर्यंत 'आता फार झालं' हे मान्यच करवत नसेल.

ही गोष्ट दादाला सांगायला मला खूप वर्षं लागली. गेल्या दिवाळीत, बाकीचे झोपल्यावर, गच्चीत सांगितली. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "तुला विहीर आठवते का?"

मला अंधुक आठवत होती. १९७८ चा मे महिना, आजोळची विहीर. दादा नऊ वर्षांचा, मी सहा. गावात पोहायला शिकवायची एकच पद्धत होती. पाठीला सुका भोपळा बांधायचा, कमरेला दोर, आणि कठड्यावरून ढकलून द्यायचं. मुलींना अर्थातच कोणी ढकलत नसे, आम्ही वरून बघायचो. मला आठवत होतं ते एवढंच, की दादाने उडी मारली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"उडी नव्हती मारली," दादा म्हणाला. "मामाने ढकललं. आणि भोपळ्याची गाठ सुटली. दोर ओढेपर्यंत मी खाली होतो. नाकातोंडात पाणी. वर आलो तर सगळे हसत टाळ्या वाजवत होते, मग मीही हसलो. दुसऱ्या दिवशी परत ढकलून घेतलं."

सत्तेचाळीस वर्षं त्याने हे कोणाला सांगितलं नव्हतं. मालवणला मास्कमध्ये थोडं पाणी शिरलं आणि तो परत त्या विहिरीत गेला. "मला बोलता येत नव्हतं, हाक मारता येत नव्हती," तो म्हणाला. "पण ह्या वेळी निदान खूण शिकवली होती."

आता सांगा. दादा डायव्हर नाही आणि मी आहे, यात आमच्या स्वभावांचा वाटा किती? तो मुलगा होता म्हणून त्याला ढकललं, मी मुलगी होते म्हणून वाचले. माझ्यापाशी बुडण्याची आठवणच नव्हती म्हणून मी शांत राहिले आणि त्याचं श्रेय चाळीस वर्षं जपलेल्या माझ्या घाबरटपणाला देऊन मोकळी झाले. शिवाय कोर्सला, विमानाला, रजेला पैसे होते. ते नसणाऱ्यांना कोणी प्रश्नावली देत नाही. मालवणचा तो गाइड दिवसातून कितीदा खाली जातो, पण त्याला काळीज वेगळं आहे का असं मामी विचारणार नाहीत. त्याचं ते काम आहे.

तेव्हा माझं तिसरं आणि तूर्त शेवटचं मत असं: डायव्हर आणि बाकीचे यांच्या मातीत फरक नाही. पाण्याखाली जाण्याची सवय माणसाला थोडं बदलते हे खरं. तपासायची शिस्त लागते, श्वासाकडे लक्ष जातं, जोडीदारावर एक डोळा ठेवायची सवय लागते. (आमच्या ह्यांच्या मते तासभर न बोलता राहता येतं हाच खरा फायदा.) पण या सवयी उसन्या असतात. रोज परत कमवाव्या लागतात, आणि मोठेपणा आला की पहिल्यांदा त्याच जातात.

डायव्हिंगमध्ये एक नियम आहे. कोणीही, कधीही, कोणत्याही कारणासाठी डाइव्ह थांबवू शकतो. कारण विचारायचं नाही आणि नंतर त्याला चिडवायचं नाही. अंगठा वर दिसला की सगळ्यांनी वर यायचं. मी हा नियम परीक्षेत बरोबर लिहिला होता. पण तो पाळला कोणी? डिसेंबर २०१२ मध्ये, काही मीटर पाण्यात, छातीत विहीर भरलेली असताना ज्याने मास्क ओरबाडला नाही, गाइडला लाथा मारल्या नाहीत, धडपडत वर पळाला नाही, फक्त हात पुढे करून अंगठा वर केला, त्याने. आमच्या दोघांत त्या वेळी डायव्हर कोण होतं, ते तुम्हीच ठरवा. आणि त्याला चिडवायचं नाही हा नियम सात वर्षं मोडला कोणी, तेही.

दादा हे वाचतो. (प्रतिक्रिया देत नाही, पण वाचतो.) म्हणून इथेच, सगळ्यांच्या देखत: दादा, चुकलं माझं. तो फोटो आता माझ्या टेबलावर असतो, डाइव्हच्या नोंदवहीशेजारी. पुढच्या वेळी मामींनी विचारलं तर सांगेन, आमच्या घरातला पहिला शहाणा डायव्हर तू. एकच डाइव्ह केलीस, दोन मिनिटांची, पण नियमाने.

आणि हो, गेल्या आठवड्यात त्याने मला फोन करून सहज विचारलं, "तुमच्या त्या तलावात पन्नाशी उलटलेल्यांना शिकवतात का गं? भोपळ्याशिवाय?"

शिकवतात म्हटलं. पायऱ्यांवरून, हळूहळू. आणि थांब म्हटलं की थांबतात.